तेच गाणं, पुन्हा एकदा

२०२१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, आमच्या घरी एका गाण्यावरून थोडी बोलाचाली झाली. धाकटीला शाळेतून आणायला गेलो होतो. गाडीत बसल्याबरोबर स्वतःची गाणी लावायची हा तिचा शिरस्ता. म्हटलं, आज आपणच तिच्या आवडीचं लावून ठेवू, पोर खूश होईल. टेलर स्विफ्टच्या 'रेड' या अल्बमची सीडी तिच्या ताईने पूर्वी कधीतरी घेतलेली, ती गाडीतच पडून होती. लावली. दोन ओळी होतात न होतात तोच मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, बंद कर ना हे! हे जुनं आहे. हे तिचं नाहीये."

"तिचं नाही म्हणजे? आवाज तिचाच आहे ना?"

"आवाज तिचा आहे, पण हे तिचं नाही. आता नवीन आलंय, ते तिचं आहे."

घरी आल्यावर उलगडा झाला तो असा, की कन्येने साठवलेल्या पैशातून त्याच गाण्यांचा नवा अल्बम मागवला होता. तीच बाई, तीच गाणी, तेच शब्द, त्याच चाली. फक्त पुन्हा गायलेली. वर आणखी काही गाणी जोडलेली. आमच्या सौ.ने एका वाक्यात निकाल दिला, "शिळ्या कढीला ऊत!" मलाही ते पटलं होतं. एकदा चांगलं गायलेलं गाणं पुन्हा गाऊन पुन्हा विकायचं, हा पैसे काढायचा धंदा, असंच मला वाटलं. पण धाकटीचं ते "हे तिचं नाही" डोक्यातून जाईना. स्वतःच्या गळ्यातून निघालेला आवाज स्वतःचा नाही, असं कसं होईल? म्हणून थोडं वाचलं, थोडं ऐकलं. त्यातून जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो.

ध्वनिमुद्रित गाणं म्हणजे एक वस्तू असं आपण समजतो. कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वस्तू आहेत. पहिली म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती कवीची आणि संगीतकाराची, किंवा त्यांनी ज्या प्रकाशकाला हक्क दिले त्याची. दुसरी म्हणजे ती रचना अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक गळ्यातून उतरली ती ध्वनिमुद्रित प्रत. तिला या धंद्यात 'मास्टर' म्हणतात. आजीची पुरणपोळीची कृती वेगळी आणि काल दुपारी तव्यावरून उतरलेली पोळी वेगळी, तसंच हे.

आता ही मास्टर टेप कोणाची? नवख्या गायकाकडे स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, जाहिरातीचा खर्च यासाठी भांडवल नसतं. कंपनी त्याला आगाऊ रक्कम देते. आपल्याकडे ऊसतोडणी कामगारांना मुकादम 'उचल' देतो, त्यातलाच प्रकार. पुढे विक्री झाली की गायकाच्या हिश्शातून ही उचल कापून घेतली जाते. इथवर ठीक आहे. पण आपण मॉर्गेजचे हप्ते भरतो आणि शेवटचा हप्ता गेला की घर आपल्या नावावर होतं. गायकाची उचल फिटली तरी मास्टर टेप बहुतेक करारांत कंपनीच्याच मालकीची राहते. कंपनी विकली गेली तर तिच्याबरोबर टेपही विकली जाते. आतला आवाज ज्याचा, त्याला कोणी विचारायला येत नाही.

गायकापाशी एक पळवाट मात्र उरते. अमेरिकेतल्या १९०९ च्या कायद्याने असं ठरवलं, की एखादी रचना एकदा ध्वनिमुद्रित झाली की नंतर कोणीही ती स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित करू शकतो. फक्त रचनाकाराला दर प्रतीमागे ठरलेली रक्कम द्यायची. १९०९ मध्ये ती २ सेंट होती, २०२३ मध्ये १२ सेंट झाली. खुद्द ध्वनिमुद्रणाला इथल्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. पण ते संरक्षण त्या टेपवर उमटलेल्या प्रत्यक्ष ध्वनीपुरतंच आहे. तेच गाणं कोणी नव्याने, अगदी हुबेहूब तसंच गायलं, तर टेपच्या मालकाला तक्रार करता येत नाही. मग ते 'कोणी' म्हणजे मूळ गायक का असू नये?

कंपन्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून करारात एक कलम असतं, की अमुक वर्षं हीच गाणी दुसरीकडे पुन्हा गायची नाहीत. साधारणपणे गाणं प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षं किंवा करार संपल्यापासून दोन वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल ती. मुदत संपली की गायक मोकळा.

टेलर स्विफ्टची गोष्ट या पार्श्वभूमीवर ऐकली की नीट कळते. २००५ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने नॅशव्हिलच्या बिग मशीन या नव्या कंपनीशी करार केला. २००६ ते २०१७ या काळात तिचे सहा अल्बम त्या कंपनीने काढले आणि सहाही अल्बमच्या मास्टर टेपा कंपनीच्या मालकीच्या होत्या. २०१८ मध्ये करार संपल्यावर ती दुसरीकडे गेली आणि पुढच्या सगळ्या मास्टर आपल्याच नावावर राहतील असं तिने ठरवून घेतलं. जून २०१९ मध्ये बिग मशीन कंपनी स्कूटर ब्रॉन यांच्या कंपनीने विकत घेतली. हा सौदा सुमारे ३० कोटी डॉलरचा असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आपल्या आयुष्याचं काम आपल्याला डावलून विकलं गेलं, असं तिने जाहीरपणे सांगितलं. कंपनीच्या बाजूचं म्हणणं याहून निराळं होतं. २०२० मध्ये याच टेपा पुढे शॅमरॉक नावाच्या गुंतवणूक कंपनीकडे गेल्या.

मग तिने ती पळवाट धरली. नोव्हेंबर २०२० पासून पहिले पाच अल्बम पुन्हा गाण्याची तिला मुभा होती. अठराव्या वर्षी काढलेला 'फिअरलेस' तिने नव्याने गाऊन एप्रिल २०२१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, पुन्हा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'रेड' आला आणि आमच्या गाडीत वाद घालून गेला. २०२३ मध्ये 'स्पीक नाऊ' आणि '१९८९' आले. प्रत्येकाच्या नावापुढे कंसात 'टेलर्स व्हर्जन' असं लिहिलेलं, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणतं आपण घेतोय ते कळावं.

यात एक व्यवहाराची गोष्टही होती. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं झालं तर दोघांची परवानगी लागते, रचनेच्या मालकाची आणि टेपच्या मालकाची. ही बाई आपली गाणी स्वतः लिहिते, त्यामुळे रचनेच्या बाजूने तिचा शब्द चालत होता. कोणी जुनी टेप मागायला आलं तर ती नाही म्हणू शकत होती आणि नवी पुढे करू शकत होती. टेप दुसऱ्याच्या कपाटात, पण किल्ली हिच्याकडे! नव्या 'रेड'मध्ये 'ऑल टू वेल' हे जुनं साडेपाच मिनिटांचं गाणं दहा मिनिटांचं होऊन आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे पोहोचलेलं ते सर्वांत लांब गाणं. २०२३ चा '१९८९' पहिल्या आठवड्यात २०१४ च्या मूळ अल्बमपेक्षाही जास्त खपला. शिळ्या कढीला एवढा ऊत सहसा येत नाही, हे आमच्या सौ.नेही मान्य केलं.

ही युक्ती तिने शोधलेली नाही. एव्हरली ब्रदर्स ही दोन भावांची जोडी १९६० मध्ये केडन्स ही छोटी कंपनी सोडून वॉर्नर ब्रदर्सकडे गेली. त्यांची गाजलेली गाणी मागे केडन्सकडेच राहिली. तेव्हा १९६४ मध्ये त्यांनी ती पुन्हा गाऊन नव्या कंपनीतर्फे 'सर्वोत्तम गाणी' म्हणून रेकॉर्ड काढली. फ्रँक सिनाट्राने कॅपिटॉल कंपनीशी बिनसल्यावर १९६० मध्ये रिप्राइज ही स्वतःची कंपनीच काढली आणि १९६३ मध्ये आपली जुनी लोकप्रिय गाणी तिथे पुन्हा ध्वनिमुद्रित केली. डेफ लेपर्ड या इंग्लिश रॉक बँडचं त्यांच्या कंपनीशी इंटरनेटवरच्या विक्रीच्या पैशांवरून वाजलं, तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी आपली दोन गाजलेली गाणी इतकी हुबेहूब पुन्हा वाजवली, की त्यांचा गायकच त्यांना 'बनावट प्रती' म्हणू लागला. स्वतःच्याच सहीची नक्कल करण्याचा प्रकार!

आपल्या पिढीला यातला दुसराच प्रकार जास्त ओळखीचा आहे. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींचा सुळसुळाट झाला, तेव्हा कव्हरवर जुन्या चित्रपटाचं नाव आणि आत भलत्याच गायिकेचा आवाज, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. मी तरी घेतला आहे. मुंबईहून सुट्टी संपवून निघताना हौसेने विकत घेतलेली कॅसेट इथे येऊन लावली आणि कपाळाला हात लावला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशा 'व्हर्जन'ला वाट होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली, सूचना दिली, मोबदला भरला की दुसऱ्याला ते गाणं गाता येई. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली. कायदा तोच, पण तिथे गळा दुसऱ्याचा होता. इथे मूळ मालकीणच परत आली आहे, हा फरक.

पण सगळेच काही पैशासाठी किंवा हक्कासाठी पुन्हा गात नाहीत. गाणं तेच राहतं आणि गाणारा माणूस मोठा होतो, म्हणूनही पुन्हा गावंसं वाटतं. जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेने 'बोथ साइड्स नाऊ' हे आपलं गाणं १९६९ मध्ये, पंचविशीत, स्वतःच्या गिटारवर गायलं. आवाज उंच, स्वच्छ, पहाटेच्या हवेसारखा. आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहून झालं, अशा अर्थाचं ते गाणं, आणि गाणारी पोरसवदा! २००० साली, छपन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये मोठ्या वाद्यवृंदाबरोबर तिने ते पुन्हा गायलं. आवाज खाली उतरलेला, जाडसर, लय संथ. 'लव्ह ॲक्चुअली' या २००३ च्या चित्रपटात एमा थॉम्सन एकटीच खोलीत उभी राहून डोळे पुसते, त्या प्रसंगामागे हेच दुसरं गाणं आहे. पहिलं तिथे चाललं नसतं. शब्द तेच, पण आता त्यांना खरोखर दोन बाजू आल्या आहेत.

कॅनडाचाच ग्लेन गूल्ड हा पियानोवादक. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं त्याचं १९५५ चं ध्वनिमुद्रण जगभर गाजलं. सुमारे ३८ मिनिटांत त्याने ते सगळं उडवलं होतं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच स्टुडिओत तो पुन्हा बसला आणि तीच रचना ५१ मिनिटं वाजवली. दुसऱ्याच वर्षी, पन्नाशीत, तो गेला.

आणि आपल्या आशाताई! २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, आणि साथीला झाकीर हुसेन. 'चुरा लिया है तुमने' हे १९७३ चं, 'दम मारो दम' १९७१ चं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ती पुन्हा गायली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जुना आवाज आठवून चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की या आवाजात आता एक मिस्किल ठेहराव आहे, तो तेव्हा नव्हता. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

आपल्या घरातलं सर्वांत मोठं उदाहरण तर आपण उदाहरण म्हणून पाहतच नाही. 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गीत, असं चाललं. मधे अधिक महिना आल्यामुळे गीतं छपन्न झाली. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. पण रेडिओवर ती सगळी बाबूजींनी गायली नव्हती. रामाच्या तोंडची गीतं ते स्वतः गात. बाकीची माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर अशा निरनिराळ्या आवाजांत होती. सीतेचं गाणं बाईच्या आवाजात, हे तर साहजिकच. पुढे बाबूजींनी छपन्नच्या छपन्न गीतं एकट्याच्या गळ्यातून गायला सुरुवात केली आणि एचएमव्हीने त्यांच्या आवाजात रेकॉर्ड काढल्या. त्यांच्याच कॅसेटी आपल्यापैकी कितीतरी जणांनी कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून इकडे आणल्या. आज 'गीतरामायण' म्हटलं की आपल्याला तोच आवाज ऐकू येतो. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून जपतो, ते खरं तर दुसऱ्यांदा गायलेलं आहे.

हे लक्षात आल्यावर मी जरा वरमलो. नव्या आवृत्तीला नाक मुरडणारा मी, पण माझं लाडकं मूळही नवी आवृत्तीच निघालं. मग वाटलं, आपल्याला हवं असतं ते गाणं की ते पहिल्यांदा ऐकलं तो दिवस? देश सोडला त्या वर्षी जी गाणी कानात होती, ती आपण इथे आणली आणि बाटलीत घालून बूच लावलं. तिकडे गावी गेलं की चौक बदललेला, वाडा पडलेला, भाऊ म्हातारा झालेला. निदान गाणं तरी होतं तसं राहावं, एवढीच आपली मागणी. ती समजण्यासारखी आहे. पण गाणारा काही आपल्या आठवणींचा राखणदार नाही. त्यालाही वय होतं, त्याचेही हिशेब असतात, आणि आपल्या गाण्यावर शेवटचा शब्द आपला असावा असं त्यालाही वाटतं. जुनी टेप आपल्याकडे राहतेच, तिला कोणी हात लावत नाही. आपण फक्त नव्याला दार उघडायचं की नाही, एवढंच ठरवायचं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या मंडळातली बरीच मुलं आता घरच्याघरी गाणी ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवतात. त्यांच्यापुढे कोणी कराराचा कागद ठेवला तर आईवडिलांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. मास्टर कोणाच्या नावावर, आणि कायमची की काही वर्षांसाठी? उचल फिटल्यावर काय? आणि तीच गाणी पुन्हा गायची मुभा किती वर्षांनी? स्विफ्टच्या यशानंतर कंपन्या सावध झाल्या आहेत. ही मुदत दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त मागायला काहींनी सुरुवात केल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. तेव्हा माहितगार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. अठराव्या वर्षी केलेली सही तिशीत निस्तरायला सगळ्यांकडेच टेलर स्विफ्टइतकं बळ नसतं.

आता गोष्टीचा शेवट. ३० मे २०२५ ला तिने जाहीर केलं, की पहिल्या सहाही अल्बमच्या मास्टर टेपा तिने शॅमरॉककडून विकत घेतल्या आहेत. पहिला अल्बम नव्याने गाऊन तयार होता, 'रेप्युटेशन'चं मात्र पाव कामही झालं नव्हतं असं तिने सांगितलं. आता तशी निकडही उरली नव्हती. जुनंही तिचं, नवंही तिचं. त्या दिवशी धाकटीचा कॉलेजमधून फोन आला. बाकी चौकशी नाही, ख्यालीखुशाली नाही. "बाबा, आता जुनं लावलंस तरी चालेल."

त्या शनिवारी मी दोन्ही 'रेड' एकामागोमाग एक ऐकले. खरं सांगायचं तर मला अजूनही जुनंच थोडं जास्त आवडतं. नव्यात आवाज भरलेला आहे, पण त्या कोवळ्या आवाजाच्या मागे, मागच्या सीटवर गाणारी माझी लेक मला ऐकू येते. हे धाकटीला सांगितलेलं नाही.

जाता जाता एक विनंती. १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' पुणे केंद्रावरून प्रत्यक्ष ऐकलेली कोणी ज्येष्ठ मंडळी आपल्यात असतील, तर त्यांनी संपादकांना दोन ओळी जरूर लिहून पाठवाव्यात. ते पहिले आवाज कानाला कसे लागले होते, आणि नंतर बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात ऐकताना त्यांनाही "हे काही ते नाही" असं वाटलं होतं का, हे विचारायला माझ्या घरात आता कोणी उरलेलं नाही.